अजगरवाल्या मॅडम

'अजगरासारखा सुस्त' असं कुणी म्हटलेलं आमच्या मॅडमना अजिबात खपायचं नाही. त्यांना स्वतःला म्हणा, चालायचं. पण कुणा आळशी माणसाला म्हटलं की त्या बिथरायच्या. "आधी त्यानं अजगरासारखं काहीतरी पकडून दाखवावं, मग खुशाल सुस्त पडावं," असं ठसक्यात सुनवायच्या. समोरचा परत कधी त्यांच्यादेखत अजगराचं नाव घ्यायचा नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं. मी गारगोटीजवळच्या खेड्यातली. शहरातल्या एका लॅबमध्ये रक्त काढायची नोकरी लागली, म्हणून खोली हुडकत त्यांच्या दारात गेले. घरमालकीण म्हटल्यावर काय विचारणार, याची सगळी उत्तरं मी वाटेत पाठ केली होती. लग्न ठरलंय का, मटण शिजवणार का, पावणंरावळं किती येणार. मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "अजगर भक्ष्य मारतो कसा?"

मी म्हटलं, "हाडं मोडून."

त्यांनी कपाळाला हात लावला. "हाडं कशाला मोडेल? कुस्ती खेळतोय का तो? नुसता आवळतो. इतका आवळतो की रक्त फिरायचं थांबतं आणि मेंदूला पोचत नाही. संपला विषय." मग माझ्याकडं जरा मायेनं बघत म्हणाल्या, "तू तर रक्ताच्याच खात्यात आहेस. तुला एवढं कळायला पाहिजे होतं. उद्या सामान घेऊन ये."

त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. अभ्यासक्रमात बेडूक होता, झुरळ होतं, गांडूळ होतं. अजगराला सगळा मिळून एक परिच्छेद, आणि मॅडम त्यावर महिना काढायच्या. त्यामुळं त्यांच्या हाताखालनं गेलेली पोरं झुरळाच्या प्रश्नाला हमखास आपटायची, पण आज पन्नाशीला आलेला दुकानदारसुद्धा साखर बांधता बांधता विचारायचा, "मॅडम, अजगराला पाय असतात न्हवं?" रिक्षावाल्यांना घराचा पत्ता सांगावा लागायचा नाही. अजगरवाल्या मॅडमकडं सोडा म्हटलं की बास.

आणि हो, अजगराला पाय असतात. म्हणजे असायचे. आता शेपटीच्या अलीकडं दोन बाजूंना दोन बारीक नखं तेवढी उरलीत. चालायच्या कामाची नाहीत, पण आहेत. मॅडमचे थोरले बंधू जयसिंगपुरात असत. कापडाचं दुकान त्यांनी पोरांच्या ताब्यात देऊन झालं होतं, तरी महिन्यातनं एकदा येऊन बहिणीच्या घरातली खुर्ची इकडची तिकडं करायचे, नळाला नावं ठेवायचे, आम्हा भाडेकरूंना शिस्त लावायचे. ते गेले की मॅडम खुर्ची परत जागेवर ठेवत म्हणायच्या, "पाय गेले दादाचे. नखं राहिलीत."

त्या दिवसातनं एकदाच जेवायच्या. साडेअकराला ताट घेऊन बसायच्या आणि असं जेवायच्या की बघणाऱ्यानं बघतच राहावं. रविवारी मटण असलं की तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, भात, सगळं शांतपणे, एकही शब्द न बोलता. मग ओसरीवरच्या आरामखुर्चीत जे पडायच्या ते चार वाजेपर्यंत. त्या वेळात दारावर कुणीही आलं तरी त्या उठायच्या नाहीत. एकदा विजेच्या मीटरचा माणूस येऊन बिचारा घंटी वाजवून वाजवून दमला. त्या समोरच बसलेल्या, जाळीतनं त्याला दिसत होत्या, डोळे उघडे होते, पण हलतील तर शपथ. घाबरून तो मला बोलवायला वर आला. मी खाली आले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "जेवलेल्या अजगराला उठवू नये. तो खाल्लेलं सगळं ओकून टाकतो आणि पळतो. चालेल का यांना?" तो माणूस रीडिंग न घेताच गेला.

"जेवण झालं की त्याचं काळीज मोठं होतं, माहिताय?" असं त्यांनी मला एकदा सांगितलं. मला वाटलं गंमत करतायत. पण ते खरंच आहे म्हणे. एवढं मोठं भक्ष्य पचवायचं तर रक्त जोरात फिरायला पाहिजे, म्हणून काही दिवस हृदय वाढतं आणि मग पुन्हा आपल्या मापावर येतं. "आपल्याकडं माणूस जेवला की नुसतं पोट वाढतं," मॅडम म्हणाल्या. "काळीज होतं तेवढंच राहतं."

पण त्यांना कुठं काय बोलावं याचा पोच नव्हता, हेही सांगायला पाहिजे. शेजारच्या वहिनींच्या घरी हळदीकुंकू होतं. भारीतल्या साड्या नेसून सगळ्या बायका बसलेल्या. कुणीतरी सहज म्हणालं की अजगर जबडा निखळवून बकरं गिळतो. झालं. मॅडमनी वहिनींच्या मुलाचा धुतलेला मोजा मागवला, ओटीतला नारळ उचलला आणि मोज्याचं तोंड नारळाला लावलं. "निखळत वगैरे काही नाही. खालचा जबडा दोन तुकड्यांचा असतो, मध्ये ताणणारा अस्थिबंध असतो. आता बघा. डावी बाजू पुढं. आता उजवी पुढं. आता परत डावी." एकेक बोट सरकवत त्यांनी तो अख्खा नारळ मोज्यात घातला. गिळताना गुदमरू नये म्हणून श्वासनळीचं तोंड कसं बाहेर काढतो, ते जीभ काढून दाखवलं. वहिनींची सासू वाण वाटायचं सोडून आत निघून गेली. त्यांच्याकडचं पुढचं हळदीकुंकू आम्हाला कळलं ते उरकल्यावर.

डॉक्टरांकडंही तेच. मी एकदा त्यांना ब्लडप्रेशर तपासायला घेऊन गेले. नर्सनं दंडाला पट्टा गुंडाळून हवा भरायला सुरुवात केली, तशा मॅडम एकदम खुशीत आल्या. "बघ, अस्साच. फक्त तो हवा सोडत नाही." नर्सच्या हातातनं फुगा सुटला. प्रेशर परत मोजावं लागलं, आणि नर्सचंही मोजायला पाहिजे होतं असं मला वाटलं.

माझं आणि पलीकडच्या खोलीतल्या ताईचं पाण्यावरनं वाजायचं. टाकी एक आणि आम्ही दोघी एकाच वेळी कामावर जाणाऱ्या. एकदा आवाज फारच चढला, तशा मॅडम अर्ध्या जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. आम्हाला वाटलं आता खोल्या सोडायला सांगणार. त्या म्हणाल्या, "साळिंदराच्या बिळात अजगर राहतो. एकाच्या अंगाला काटे, दुसऱ्याला भूक. तरी दोघं एका दारानं ये-जा करतात. तुम्ही दोघी बी.एस्सी. झालेल्या." आणि खाली गेल्या. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून जे हसलो, ते भांडण तिथंच मिटलं.

मला राग लवकर येतो. आजही येतो. मी फणफणत आले की त्या माझ्या तोंडाकडं निरखून बघायच्या आणि म्हणायच्या, "डोळे निळे झालेत." कात टाकायच्या आधी अजगराच्या डोळ्यांवर दुधी, निळसर पडदा येतो, त्याला धड दिसत नाही, आणि त्या दिवसांत तो उगाच कुणाच्याही अंगावर जातो. "चार दिवस हिच्या वाटेला जाऊ नकोस," असं त्या ताईला मोठ्यानं सांगायच्या. अशा बाईवर चिडून तरी किती वेळ राहणार?

एवढं सगळं त्यांना माहीत होतं, पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आणि ती कळली ती माझ्या स्कूटीवर.

मार्चअखेरीची गोष्ट. सकाळी सकाळी आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, गावाकडनं फोन आला. आमच्या उसाला तोड आली होती. कारखान्याचा पट्टा पडायला आलेला, म्हणजे हंगाम संपत आलेला. शेवटची टोळी, आज तोडला तर तोडला, नाहीतर उभा ऊस वाळून जाणार. निम्मा फड काल तोडून झाला होता, आणि आज उजाडताच बांधाकडेच्या पाचटात, म्हणजे वाळल्या पाल्यात, टोळीला अजगर दिसला. वेटोळं घालून बसलेला आणि जागचा हलायला तयार नाही. मुकादम आडून बसला होता. उरलेला फड पेटवून द्या, मग तोडतो, नाहीतर आम्ही चाललो. ऊस पेटवला की पाला जळतो, साप-विंचू जातात आणि कोयता सरासरा चालतो, म्हणून टोळ्यांना तेच बरं वाटतं. आबांना पेटवायचं नव्हतं. पण वर्षाचं पीक होतं, करतात काय? "पेटवतो बघ आता," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी हे नळावर ताईला सांगत होते. मॅडम आतनं बाहेर आल्या. हातात अर्धी घातलेली वेणी.

"वेटोळ्याखाली काही आहे का?"

मी आबांना परत फोन लावला. पांढरं कायतरी हाय म्हणाले, अंड्यागत.

"त्यांना सांग, मी पोचेपर्यंत काडी ओढायची नाही." आणि वेणी तशीच सोडून त्या चपला घालायला लागल्या.

स्कूटीवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. माझ्या पोटाला दोन्ही हातांनी अशी मिठी मारली की कळंबा यायच्या आत माझा जीव कासावीस झाला. मी म्हटलं, मॅडम, जरा सैल. "तू श्वास सोडलास की आपोआप आवळलं जातंय," त्या म्हणाल्या.  कळंबा मागं पडल्यावर मी आरशात बघितलं तर त्यांचे डोळे वाऱ्यानं की कशानं, ओले झालेले.

"मी कधी बघितलेली नाही गं," त्या म्हणाल्या. "अंड्यांवर बसलेली मादी. पिंजऱ्यात अजगर बघितले, पोत्यात धरून आणलेले बघितले. ही नाही बघितली. इतकी वर्षं नुसतं पुस्तकातलं सांगत आले पोरांना. आणि आता बघायला मिळतेय तर ती पेटवतायत."

मी गाडीचा वेग वाढवला. वाटेत त्यांनी वन खात्याला फोन लावला. माणसं दुसऱ्या गावाला गेलेली, दुपारपर्यंत येतो म्हणाली. दुपारपर्यंत टोळी थांबणार नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर उभा, टोळी बांधावर बसलेली, आबा डोक्याचा टॉवेल हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते. मुकादम म्हणजे बीडकडचा एक किडकिडीत माणूस, खिशात काडेपेटी. मॅडमनी त्याला गाठलं आणि वर्गातल्यासारखं सुरू केलं. ती बिनविषारी आहे. अंड्यांवरनं उठून कुणाच्या अंगावर येणार नाही. कायद्यानं तिला मारता येत नाही. अंडी उचलूनही ठेवता येत नाहीत, सापाचं अंडं फिरलं की आतलं पिल्लू दगावतं. सगळं खरं होतं. मुकादम मान डोलवत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "बरोबर हाय बाई तुमचं. पर माझा माणूस मेला तर त्याच्या घरला कोण सांगायचं?" आणि आबांकडं बघून, "मालक, पेटवता का जाऊ?"

आबा मला म्हणाले, "पोरी, ह्यास्नी घेऊन जा घरला. च्या पाज. मला बी बघवंना झालंय, पर ऊस हाय ह्यो."

मॅडमनी आबांकडं पाठ फिरवली. अजगराला सोडून मला तर त्यांची भीती वाटायला लागली. त्या सरळ बांधावरनं गेल्या आणि त्या वेटोळ्यापासून थोड्या अंतरावर मातीत बसल्या. मी मागं गेले. उसात सकाळी गारवा असतोच. पाचटात ती पडली होती. माझ्या मांडीएवढी जाड, अंगावर तपकिरी धब्बे, मध्ये डोकं टेकवलेलं. वेटोळ्याच्या फटीतनं अंडी दिसत होती, एकमेकांना चिकटलेली. आणि ती थरथरत होती. सगळं अंग बारीक बारीक आखडायचं, सुटायचं, परत आखडायचं.

टोळीतली एक बाई आमच्या मागनं येऊन उभी राहिली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिचा नवरा ऊस तोडायचा आणि ती मोळ्या बांधायची. अशा नवरा-बायकोच्या जोडीला मिळून टोळीत एक कोयताच म्हणतात.

"थंडी वाजतीया का तिला?" ती बाई म्हणाली.

"नाही," मॅडम हळू म्हणाल्या. एरवी त्या एवढ्या हळू कधी बोलल्या नव्हत्या. "अंग आखडून आखडून ऊब करतेय. सापाचं अंग मुळात गार असतं ना. अंड्यांना ऊब पाहिजे, म्हणून. पिल्लं बाहेर येईपर्यंत अशीच बसणार. दोन महिने. जेवणसुद्धा नाही."

"एकलीच?"

"एकटीच."

बाई खाली वाकून बघत राहिली. "आपल्या खाटंखाली दुसरं कुणीतरी शेगडी ठेवतंय," ती म्हणाली. "हिला सोताच शेगडी व्हावं लागतंय. बाळंतीणच हाय की ही."

मॅडमनी तिच्याकडं वळून बघितलं. त्यांनी आयुष्यात अजगराबद्दल बोललेलं सगळं एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला. हे त्यांनाच पहिल्यांदा कळलं असावं, कारण त्या नुसत्या "हो" म्हणाल्या.

कडेच्या बाभळीला झोळी बांधलेली होती. त्यातनं तान्हं रडलं.

"तुझं?" मॅडमनी विचारलं. "केवढं आहे?"

"महिना भरायचाय आजून."

"आणि तू तोडीला आलीस?"

"बारसं झालं आन् लागले."

"सव्वा महिना तरी बसवायला पाहिजे होतं तुला."

"आमच्यात बी बसवत्यात बाई. पर घरी. हितं कोण बसवतंय?" तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणून तर मला जास्त लागलं. मग ती सरळ मुकादमाकडं गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमचा कोयता पेटवलेल्या उसात उतरणार न्हाई. हिरवा तोडू. ती बसली हाय तेवढा कोपरा सोडायचा. मला न्हाई मिळाला सव्वा महिना, तिला मिळू द्या."

मुकादमानं तिच्या नवऱ्याकडं बघितलं. नवरा जमिनीकडं बघत होता. मग तो कोयता घेऊन उठला आणि दुसऱ्या टोकाला जाऊन हिरव्या उसात उतरला. त्याच्यामागं आणखी दोघं उठले. बाकीच्या बायकांनी आधीच पदर खोचले होते. कोपऱ्यात केवढा ऊस सोडायचा, ते आबांनी स्वतः चालत जाऊन पायानं रेघ ओढून दाखवलं. मुकादमानं मनात धरलं असेल त्याच्या दुप्पट दाखवलं. "वाळला तर वाळला," म्हणाले. "जळणाला लागतोयच की."

पुढं काय झालं ते सांगून टाकते. दुपारी वन खात्याची माणसं आली, त्यांनी त्या कोपऱ्याला दोरी बांधली आणि आबांनाच राखण बसवलं. आबांनी ती इतकी इमानदारीनं केली की आई म्हणायची, माझ्या बाळंतपणाला हे कधी फिरकले नव्हते. वळीव होऊन गेल्यावर एक दिवस पिल्लं निघाली. मॅडम आणि मी रविवार गाठून गेलो, तर नुसती फाटलेली टरफलं. मादी केव्हाच निघून गेलेली. अजगराची आई पिल्लं निघाली की थांबत नाही, तिचं काम तिथवरच. मॅडमनी एक टरफल उचलून बघितलं आणि परत होतं तिथं ठेवलं.

पण माझ्या डोळ्यांसमोर अजूनही तो तोडीचा दिवसच येतो. फड परत सुरू झाला होता. झोळीतलं तान्हं रडायचं थांबेना. त्याची आई मोळी टाकून दोनदा आली, पाजून गेली. तिसऱ्यांदा मॅडम उठल्या. शेजारपाजारच्या बाळांनासुद्धा लांबनंच बघणाऱ्या ह्या बाई. त्यांनी झोळीतनं ते मूल उचललं, कसंतरी आडवंतिडवं छातीशी धरलं आणि बाभळीला टेकून बसल्या. ते गप्प झालं.

उन्हं वर आली. आबांनी घरनं भाकरी मागवल्या. साडेअकरा केव्हाच टळून गेलेले. मी हाक मारली तर मॅडमनी नुसती मान हलवली. ती बाई मूल न्यायला आली, घामानं थबथबलेली. हात पुढं केले तिनं.

"जरा बस," मॅडम म्हणाल्या. "झोपलंय. तोवर राहू दे माझ्याकडं."

ती टेकली. उसाच्या पाल्यानं कापलेल्या हातांवर फडकं घेतलं, बुंध्याला डोकं लावलं आणि बघता बघता तिला झोप लागली. तोंड उघडं टाकून, पोर झोपावं तशी.

थोड्या वेळानं मुकादम हुडकत आला. "ए, ऊठ की. मोळ्या पडल्यात तशाच."

मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं. "बाळंतीण आहे. उठवायची नाही."

मुकादम हलला नाही. "आन् मोळ्या कोण बांधायच्या, बाई?"

आबा भाकरी खात बसले होते. त्यांनी हात झटकले, टॉवेल डोक्याला गुंडाळला.

"माझाच ऊस हाय न्हवं," म्हणाले आणि फडात उतरले.